शुजी तेरायामा: कवी की दिग्दर्शक, आणि पाहायला सुरुवात कोठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मराठीत कविता लिहिता, मित्रांना घेऊन लघुपट करता, आणि शुजी तेरायामा या जपानी दिग्दर्शकाचा १९७४ मधील ‘देन-एन नि शिसु’ (खेड्यात मरण) हा चित्रपट तुम्ही अलीकडे पाहिला. त्याने तुम्हाला धरून ठेवले, पण निम्मा कळला नाही. नंतर वाचताना असे आढळले की हा माणूस कवी, नाटककार, गीतकार, नभोनाट्यलेखक आणि शिवाय मुष्टियुद्ध व घोड्यांच्या शर्यती यांवर लिहिणारा लेखकही होता. म्हणून तुम्ही विचारता की त्याला नेमके काय मानावे, इतक्या क्षेत्रांत पसरल्याने त्याचे नुकसान झाले का, आणि बाकीचे काम कोणत्या क्रमाने पाहावे.

मी बरीच वर्षे फिल्म सोसायटीसाठी चित्रपटांची निवड करतो आणि रसास्वादाचे वर्ग घेतो. तेरायामा त्या वर्गांत वारंवार येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कोणीतरी हेच विचारते. माझ्या समजुतीप्रमाणे या प्रश्नाच्या पोटात दुसराच एक प्रश्न आहे. तो कवी होता की दिग्दर्शक, हे ठरवल्याने तो चित्रपट अधिक कळणार नाही. खरी अडचण अशी आहे की त्या चित्रपटात ‘मी’ म्हणून जो बोलतो त्याच्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे आपल्याला उमगत नाही. ही अडचण तेरायामाने जाणूनबुजून उभी केली आहे आणि तिची मुळे चित्रपटाच्या कितीतरी आधी लिहिलेल्या एकतीस अक्षरांच्या कवितांत आहेत.

उत्तराचा काही भाग परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करतो. तुम्हाला कोणत्या प्रती मिळतात, सबटायटलमध्ये कविता कशी उतरली आहे, लघुपट तुम्ही लॅपटॉपवर पाहणार की सभागृहात, आणि मुख्य म्हणजे तुम्ही केवळ प्रेक्षक म्हणून पाहता की उद्या स्वतः कॅमेरा हाती घ्यायचा म्हणून, यांनुसार माझा सल्ला बदलतो. तुम्ही दोन्ही आहात असे धरून पुढे लिहितो.

चरित्रातील थोडे तपशील आवश्यक आहेत. तेरायामाचा जन्म १० डिसेंबर १९३५ रोजी उत्तर जपानमधील आओमोरी प्रांतात, हिरोसाकी येथे झाला. सरकारी नोंदीत मात्र १० जानेवारी १९३६ ही तारीख आहे. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवले की आपण धावत्या आगगाडीत जन्मलो, त्यामुळे जन्मगाव सांगता येत नाही. वडील पोलीस खात्यात होते. ते युद्धावर गेले आणि १९४५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील सेलेबेस बेटावर आजाराने वारले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आओमोरी शहर बॉम्बफेकीत जळाले. आई हात्सु मिसावा येथील अमेरिकन तळावर काम करू लागली आणि नंतर कामासाठीच दूर दक्षिणेला, क्यूशू बेटावर गेली. मुलगा आओमोरीतच आईच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांकडे राहिला, आणि त्या गृहस्थांचे चित्रपटगृह होते. दूर गेलेली आई आणि पडद्याच्या आसपास गेलेले पोरवय, एवढ्या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे.

शाळेत असताना तो हायकू लिहीत असे. १९५४ मध्ये तो टोक्योच्या वासेदा विद्यापीठात दाखल झाला आणि त्याच वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘तान्का केन्क्यू’ या मासिकाने नवोदितांच्या स्पर्धेत त्याच्या तान्कामालिकेची निवड केली. संपादक हिदेओ नाकाई याने तिला ‘चेखॉव्हचा उत्सव’ असे नाव दिले. मराठी वाचकाला शिरीष पै यांच्यामुळे हायकू परिचयाचा आहे. तान्का हा त्याहून जुना प्रकार असून तो ५-७-५-७-७ अशा पाच तुकड्यांचा असतो. आपल्या दृष्टीने त्याच्या मोजमापापेक्षा वाचकाची सवय महत्त्वाची आहे. आधुनिक तान्काचा वाचक कवितेतील ‘मी’ म्हणजे कवी स्वतःच असे धरून चालतो; आई आजारी आहे असे कवितेत म्हटले असेल, तर कवीची आई खरोखरच आजारी असणार. तान्काच्या वाचकाचा हा जो भाबडा विश्वास आहे, त्याच्यावरच तेरायामाने पुढे सगळे काम केले.

निवड जाहीर होताच आरोप झाला की या मुलाच्या तान्कांत हायकूंचे तुकडे आहेत, काही त्याचे स्वतःचे आणि काही इतरांचे. त्याची सर्वांत गाजलेली तान्काही याला अपवाद नाही. तीत काडी ओढताच क्षणभर समुद्रावरचे दाट धुके दिसते आणि लगेच प्रश्न येतो की जीव ओवाळून टाकावा अशी मायभूमी कोठे आहे का. आता काकिओ तोमिझावा या हायकूकाराकडे पाहा. त्याच्या एका हायकूत काडी ओढल्यावर सरोवरावर धुके दिसते, आणि दुसऱ्या एका हायकूत डोळे मिटल्यावर निळ्या समुद्रावर मायभूमी दिसते. उसनवारीचा आरोप मला निराधार वाटत नाही, आणि तरुण कवींना हा मार्ग मी सुचवणारही नाही. परंतु संकलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला येथे काय घडले आहे हे चटकन कळेल. दोन वेगळ्या ठिकाणचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवल्यामुळे, दोहोंपैकी एकातही नसलेला तिसरा अर्थ तयार झाला आहे. युद्धात बाप गमावलेल्या मुलाचा संशयी प्रश्न तोमिझावाच्या हायकूंत नाही. तो त्या जोडात आहे. हातात कॅमेरा येण्याआधीच तेरायामा संकलन करत होता, असे मी वर्गात सांगतो ते या अर्थाने.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. १९६५ मध्ये त्याचा ‘देन-एन नि शिसु’ याच नावाचा तान्कासंग्रह आला; तुम्ही पाहिलेल्या चित्रपटाचे नाव तेथून घेतले आहे. त्यातील एका तान्केत मेलेल्या आईची लालभडक फणी पुरण्यासाठी ‘मी’ निघतो, आणि ओसोरे पर्वतावर, म्हणजे आओमोरीत मृतांचा मानल्या जाणाऱ्या डोंगरावर, नुसता वारा वाहत असतो. दुसऱ्या एकीत नवा देव्हारा विकत आणायला गेलेला धाकटा भाऊ बेपत्ता होतो आणि त्याच्याबरोबर एक पक्षीही. या दोन तान्का मी वर्गात कवीची काहीही माहिती न देता वाचून दाखवतो आणि कवीच्या कुटुंबाचे वर्णन करायला सांगतो. सगळे जण पोरक्या, भाऊ हरवलेल्या माणसाचे वर्णन करतात. मग सांगतो की तेरायामा एकुलता एक होता, आणि आई तर जिवंत होती. ती मुलाच्या मागेही राहिली आणि १९८५ मध्ये तिने त्याच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. वर्गात त्यावर एक प्रकारचा राग उमटतो. फसवले गेल्याची ही भावना नाहीशी होऊ देऊ नका, कारण तेरायामाला प्रेक्षकाकडून हवी असलेली प्रतिक्रिया हीच आहे.

जिवंत आईला मारण्याचा हा उद्योग तो पुढेही करत राहिला. १९६९ मध्ये कार्मेन माकी या तरुण गायिकेचे ‘कधी कधी आई नसलेल्या लेकरासारखे’ अशा आशयाचे गाणे जपानभर गाजले. त्याचे शब्द तेरायामाचेच होते. रेडिओवर ते गुणगुणणाऱ्या हजारो लोकांना गीतकाराची आई कोठे राहते याच्याशी काही कर्तव्य नव्हते, आणि मला वाटते नेमका हाच फरक त्याला जाणवला असावा. तान्केत खोटे बोलले की वाचक दुखावतो; गाण्यात तेच खोटे कोणाच्या लक्षातही येत नाही. माध्यम बदलले की ‘मी’ या शब्दाची किंमत बदलते. त्याच्या माध्यमांतरांकडे मी याच दृष्टीने पाहतो. एका ठिकाणी जमले नाही म्हणून तो दुसरीकडे गेला असे मला दिसत नाही. एकच प्रयोग तो वेगवेगळ्या प्रकारच्या विश्वासावर करून पाहत होता: माणसाला स्वतःचा भूतकाळ नव्याने रचता येतो का, आणि ऐकणारा त्याला किती साथ देतो.

मधला प्रवास भराभर सांगतो. १९५५ मध्ये मूत्रपिंडाच्या गंभीर विकाराने त्याला रुग्णालयात दाखल केले आणि १९५८ पर्यंत त्याचे बहुतेक दिवस खाटेवरच गेले. त्या काळात कवी शुंतारो तानिकावा याने त्याला नभोनाट्य लिहायला प्रवृत्त केले. मुलांनी मोठ्यांविरुद्ध बंड केल्याची कल्पना मांडणारे ‘ओतोना-गारी’ हे त्याचे नभोनाट्य १९६० मध्ये फुकुओकाच्या केंद्रावरून प्रसारित झाले आणि त्यावरून मोठा वाद झाला. त्याच वर्षी मासाहिरो शिनोदाच्या ‘कावाइता मिझुउमी’ (कोरडे सरोवर) या चित्रपटाची पटकथा त्याने लिहिली. सुसुमु हानीच्या १९६८ मधील ‘हात्सुकोई: जिगोकु-हेन’ची पटकथाही त्याचीच आहे. म्हणजे स्वतः पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याआधी दहा वर्षे तो दुसऱ्यांसाठी पटकथा लिहून हे माध्यम शिकत होता. लोक हे विसरतात आणि तो एकदम कवितेतून पडद्यावर उतरला असे समजतात.

१९६७ च्या आरंभी त्याने पत्नी एइको कुजो, चित्रकार तादानोरी योको आणि दिग्दर्शक युताका हिगाशी यांच्यासह ‘तेन्जो साजिकी’ ही नाट्यसंस्था काढली. नाव मार्सेल कार्ने याच्या एका फ्रेंच चित्रपटाच्या जपानी शीर्षकातून घेतले होते. नाट्यगृहातील सर्वांत वरच्या, स्वस्त गॅलरीला जपानीत तसे म्हणतात. नटांसाठी दिलेल्या जाहिरातीत विचित्र नट, बुटके, राक्षसी अंगाची माणसे आणि सुंदर मुली हव्यात असे म्हटले होते. या नाटकांविषयी लिहायचे तर वेगळे उत्तर लागेल. येथे एकच उदाहरण देतो. एप्रिल १९७५ मध्ये ‘नोक्कु’ (दार ठोठावणे) हे नाटक टोक्योच्या सुगिनामी भागात सलग तीस तास, रस्त्यांवर आणि घराघरांत चालले. आपण नाटकात आहोत हे ठाऊक नसलेल्या रहिवाशांच्या दारावर थाप पडत होती आणि शेवटी पोलिसांना मध्ये पडावे लागले. नाटक आणि रस्ता यांच्यामधली भिंत पाडण्याची ही हौस चित्रपटांतही आहे, म्हणून ते आठवणीत असू द्या.

आता चित्रपट. १९७१ मध्ये ‘शो ओ सुतेयो, माची ए देयो’ (पुस्तके फेकून द्या, रस्त्यावर या) आला. त्याच नावाचे त्याचे निबंधांचे पुस्तक आणि नाटकही होते. निर्मितीत आर्ट थिएटर गिल्ड म्हणजे एटीजीचा सहभाग होता. ही संस्था १९६१ मध्ये विदेशी कलात्मक चित्रपट दाखवण्यासाठी निघाली आणि पुढे सुमारे एक कोटी येन इतक्या तुटपुंज्या खर्चात, निम्मा भार स्वतः उचलून, स्वतंत्र दिग्दर्शकांचे चित्रपट काढू लागली. या चित्रपटाला सान रेमो महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कॅमेरा मासायोशी सुकिता या छायाचित्रकाराचा होता. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या चाहत्यांना तो डेव्हिड बोवीच्या छायाचित्रांमुळे ठाऊक असेल. हिरव्या आणि जांभळट रंगांत भिजलेली दृश्ये, हातात धरलेला अस्थिर कॅमेरा, आणि भिंतींवर, रस्त्यांवर, मैदानावर लिहिलेली वाक्ये, अशी या चित्रपटाची सामग्री आहे. सुरुवातीला पडदा अंधारा असतो. मग एक तरुण सरळ आपल्याकडे पाहून विचारतो की तुम्ही काळोखात असे बसून कशाची वाट पाहता, तेथे बसून काही होणार नाही. शेवटी नामावळीऐवजी कलावंत आणि तंत्रज्ञ यांचे चेहरेच एकामागून एक दिसतात. मधला भाग मला ठिकठिकाणी लांबलेला वाटतो, आणि ज्यांना कथा हवी असते ते अर्ध्या तासात कंटाळतात. तरीही तो आधी पाहावा असे मी म्हणतो, कारण ‘मी’ म्हणणारा माणूस पडद्यावरून थेट तुमच्याशी बोलू लागला की काय होते, हे त्यात सर्वांत उघडपणे दिसते.

‘देन-एन नि शिसु’ मात्र सावकाश उलगडावा लागतो. पहिला भाग तुम्हाला आठवत असेल. स्मशानात मुले लपाछपी खेळतात. राज्य असलेली मुलगी डोळे उघडते तेव्हा थडग्यांमागून बाहेर येणारी माणसे मोठी झालेली असतात. पांढऱ्या रंगाने माखलेले चेहरे, सर्कशीच्या तंबूत रंगीत काचेतून पाहिल्यासारखी दृश्ये, आणि ओसोरे पर्वतावर मृतांशी बोलणाऱ्या बाईच्या तोंडून वडिलांची चौकशी करायला गेलेला मुलगा. घरात भिंतीवरच्या घड्याळावर आईची सत्ता आहे. मुलाला स्वतःचे मनगटी घड्याळ हवे आहे, पण वेळ घरातून बाहेर नेणे तिला पसंत नाही. शेजारच्या घरातील तरुण सुनेबरोबर पळून जाण्याचा बेत तो आखतो. मध्ये मध्ये तेरायामाच्या आवाजात तान्का ऐकू येतात, आणि काही वेळ आपण अशा समजुतीत राहतो की हा एका कवीच्या बालपणाचा देखणा स्मरणपट आहे.

आणि मग चित्रपट थांबतो. आतापर्यंत पाहिले ते एका दिग्दर्शकाच्या अपुऱ्या चित्रपटातील भाग होते, असे उघड होते. दिग्दर्शक कबूल करतो की आपले बालपण आपण सजवून दाखवले. त्याच्याबरोबरचा समीक्षक त्याला विचारतो की काळात मागे जाऊन तू आपल्या आजीच्या आईला मारलेस, तर तू उरशील का. दुसऱ्या भागात तेच गाव पुन्हा येते, पण घटना वेगळ्या आहेत: ती शेजारीण मुलाबरोबर पळून जातच नाही, ती आपल्या प्रियकरासह जीव देते. मोठा झालेला ‘मी’ लहान ‘मी’ला भेटतो, दोघे शेतात बसून शोगी (जपानी बुद्धिबळ) खेळतात, आणि मोठा लहानाला आईच्या खुनाला तयार करू पाहतो. ते जमत नाही. शेवटी मोठा झालेला ‘मी’ आणि आई समोरासमोर बसून जेवत असतात, घराच्या भिंती कोसळतात, आणि घर टोक्योतील शिंजुकु भागाच्या गजबजलेल्या रस्त्यात उभे असल्याचे दिसते. माणसे बाजूने चालत राहतात. त्याचा आवाज आपला मूळ पत्ता सांगतो, तो टोक्योच्या शिंजुकुमधील ओसोरे पर्वताचा. दोन ठिकाणे एकाच ओळीत आली. अठराव्या वर्षी धुके आणि मायभूमी यांचे जे केले होते तेच येथे आहे.

तुम्हाला निम्मा कळला नाही, तो बहुधा हा दुसरा निम्मा. पहिला भाग खोटा आणि दुसरा खरा असे समजून पाहिले की दुसऱ्या भागात गोंधळ होतो, कारण तोही तितकाच रचलेला आहे; पांढरे चेहरे तेथेही आहेतच. मी विद्यार्थ्यांना सुचवतो की दुसऱ्या वेळी पाहताना कथेचा पाठलाग सोडावा आणि फक्त आईकडे पाहावे. तान्केत ती एका ओळीत मरते. चित्रपटात तिला मारण्यासाठी काळात मागे जाण्याचा सगळा खटाटोप करूनही ती जेवायला वाढत असते. कवितेत शब्दाने जे साधते ते चित्रपटात साधत नाही, कारण तेथे नटीचे शरीर समोर असते, तिचे हात भात वाढत असतात. हा पराभव तेरायामाने लपवला नाही. त्याच्यावरच चित्रपट संपवला. कवीने केलेल्या चित्रपटांत याच्याइतका कवितेच्या मर्यादेविषयी प्रामाणिक असलेला दुसरा चित्रपट मला तरी माहीत नाही. १९७५ मध्ये तो कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

पुढच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांविषयी माझे मत मिश्र आहे. १९७७ मधील ‘बॉक्सर’ तोएई या मोठ्या कंपनीसाठी केलेला, बुन्ता सुगावारा या नटाला घेऊन. नेटका आहे, पण तेरायामा ओळखायला येतो तो अधूनमधूनच. १९७९ मधील ‘कुसा-मेइक्यू’ (गवताचा चक्रव्यूह) हा क्योका इझुमीच्या कथेवरून, एका फ्रेंच त्रिखंडी चित्रपटाचा भाग म्हणून केलेला आहे. आईच्या एका गाण्याचे शब्द शोधत फिरणारा मुलगा त्यात आहे आणि जेमतेम चाळीस मिनिटांत तो ‘देन-एन नि शिसु’चा विषय अधिक घट्ट बांधतो. क्लाउस किन्स्की या जर्मन नटाला घेऊन केलेला, शांघायमध्ये घडणारा १९८१ मधील चित्रपट मी कोणाला आवर्जून सुचवत नाही. शेवटचा ‘साराबा हाकोबुने’ (निरोप, नौके) ओकिनावात चित्रित झाला, गार्सिया मार्केसच्या कादंबरीवरून सुचलेला आहे आणि तेरायामाच्या मृत्यूनंतर १९८४ मध्ये प्रदर्शित झाला. गावातील सगळी घड्याळे पुरून एकच ठेवण्याची कल्पना त्यात आहे आणि भिंतीवरच्या त्या जुन्या घड्याळाची गोष्ट तेथे पूर्ण होते. ‘टोमॅटो केचप सम्राट’ हा १९७१ मधील चित्रपट वर उल्लेखलेल्या नभोनाट्याच्या कल्पनेवरून केलेला आहे आणि त्याची चर्चा फार होते. त्यात लहान मुलांना घेऊन केलेली काही दृश्ये अशी आहेत की मी तो दाखवत नाही, आणि त्याच्यावाचून तेरायामा समजण्यात काही उणे राहते असेही मला वाटत नाही.

आता विस्ताराचा प्रश्न. पसरल्यामुळे त्याचे नुकसान झाले का? काही कामे घाईत झाली आहेत, हे नाकारता येत नाही. १९६५ नंतर तान्का त्याने जवळपास सोडलीच, आणि तिच्या चाहत्यांना याची हळहळ वाटते. पण एक व्यावहारिक बाजू तरुणांनी विशेष लक्षात घ्यावी. पटकथा, नभोनाट्ये, गाणी आणि शर्यतींवरचे लेख यांतून त्याची उपजीविका चालत होती, आणि त्यामुळेच स्वतःच्या प्रयोगांत बाजारात काय खपेल याची चिंता त्याला कमी करावी लागली. एइको कुजोबरोबरचा विवाह मोडल्यावरही संस्थेचा कारभार तीच पाहत होती. जे. ए. सीझरचे संगीत, कियोशी आवाझुचे कलादिग्दर्शन आणि तात्सुओ सुझुकीचा कॅमेरा यांच्याशिवाय ‘देन-एन नि शिसु’ तसा दिसलाच नसता. शिवाय प्रयोगशील चित्रपटांना स्वतःचे चित्रपटगृह देणारी एटीजीसारखी संस्था त्या दशकातील टोक्योत होती. यातील काहीही तुमच्या हातात नसेल, तर त्याच्या कारकिर्दीचा आराखडा उचलून उपयोग नाही. तुम्ही कविता धरावी की कॅमेरा, याचे उत्तर मी दुरून देऊ शकत नाही. एवढे मात्र विचारून पाहा की तुमच्या कवितेतील कोणती एक सवय कॅमेऱ्यापुढे अडते. ती सापडली, तर दोन्ही चालू ठेवण्याला कारण आहे. दोन्हींत तुम्ही एकच गोष्ट सहजपणे सांगत असाल, तर एक पुरेसे आहे.

क्रमाबद्दल माझे मत वर विखुरलेले आहे, ते एकत्र सांगतो. आधी त्याच्या तान्का वाचा. इंग्रजी अनुवाद मिळतात आणि चार-पाच पाने वाचली तरी चालेल. मग १९७१ मधील चित्रपट, मग ‘देन-एन नि शिसु’ पुन्हा, मग ‘कुसा-मेइक्यू’, आणि त्यानंतर ‘साराबा हाकोबुने’. शेवटी १९८२-८३ मधील ‘व्हिडिओ लेटर’ पाहा. तेरायामा आणि तानिकावा या दोन कवींनी एकमेकांना पत्रांऐवजी व्हिडिओफिती पाठवल्या, त्यांचा तो संग्रह आहे. तेरायामा त्या वेळी खूप आजारी होता. ४ मे १९८३ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला. दोन कवी घरगुती कॅमेरा घेऊन अर्थ आणि निरर्थकता यांवर एकमेकांची फिरकी घेतात, आणि त्यात दिसते की साधन कितीही साधे असले तरी हा माणूस ‘मी कोण’ या प्रश्नाशीच खेळत होता. व्यवसाय कोणता, असे विचारल्यावर तो ‘माझा व्यवसाय शुजी तेरायामा’ असे उत्तर देत असे. तुमच्या पहिल्या प्रश्नाला त्याचे स्वतःचे उत्तर तेच आहे.

लघुपट मी मुद्दाम मागे ठेवले, कारण त्यांतील काही लॅपटॉपवर पाहिल्याने दिसतच नाहीत. १९७५ मधील ‘शिन्पान’ (खटला) या लघुपटात माणसे सतत खिळे ठोकत असतात, आणि अखेरीस पडदा पांढरा होतो तेव्हा प्रेक्षकांनी उठून त्या लाकडी पडद्यावर खरेखुरे खिळे ठोकावेत अशी योजना आहे. १९७४ मधील ‘सेइशोनेन नो तामे नो एइगा न्यूमोन’ (तरुणांसाठी चित्रपटप्रवेश) तीन प्रोजेक्टरवर तीन चौकटींत एकाच वेळी चालतो. त्याच वर्षीच्या ‘रोला’मध्ये पडद्यावरच्या तीन बायका प्रेक्षकांना डिवचतात, प्रेक्षकांतील एक माणूस उठतो, उभ्या पट्ट्या कापलेल्या पडद्यातून आत शिरतो, आणि पुढच्या क्षणी चित्रपटात दिसू लागतो. आत त्याचे कपडे काढून घेतले जातात आणि त्याला तसाच बाहेर फेकले जाते. हे संगणकावर पाहिले तर एक चतुर संकलन एवढेच दिसते. खोलीत एक खरा, घामाघूम, उघडा माणूस पडद्यातून परत येतो तेव्हाच ‘देन-एन नि शिसु’ची कोसळलेली भिंत कशासाठी होती हे लक्षात येते.

तुमच्या गटाला ‘रोला’ करून दाखवायचा असेल, तर एक अडचण आधीच ध्यानात घ्या. पडद्यात शिरणारा माणूस आणि चित्रपटात दिसणारा माणूस एकच असला पाहिजे. मूळ चित्रणात हेन्रिक्कु मोरिसाकी आहे आणि पुढेही अनेक वर्षे तोच ही भूमिका प्रत्यक्ष करत आला. त्यामुळे मूळ लघुपट दुसऱ्या नटाला घेऊन चालत नाही. माझा सल्ला असा की मूळ लघुपट रीतसर परवानगी घेऊन आधी नुसता दाखवावा, आणि नंतर तुमच्याच नटाला घेऊन दोन-तीन मिनिटांचा स्वतंत्र प्रयोग तयार करावा. पडद्याचे कापड ताणले जाणारे घ्या, पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवा म्हणजे प्रतिमेत फट दिसत नाही, आणि प्रोजेक्टर शक्य तेवढा उंचावर ठेवा. नाहीतर नट पडद्याजवळ पोचण्याआधीच त्याची सावली पडद्यावर पोचते आणि लोक हसतात.